भोपळ्याला गुण किती

जुहूच्या धावपट्टीला लागून आमची इमारत,
गच्चीवर पाण्याची टाकी,
टाकीच्या सावलीत आम्ही चौघे.
कारखानीसबाई, टॉवरमधून निवृत्त, आवाज अजून ड्यूटीवर.
नोएल डाबरे, ज्याने तीस वर्षं विमानांची चाकं बदलली
आणि स्वतःच्या स्कूटरचं एकदाही नाही.
उस्मान पटवेकर, जो डोळे मिटून
हेलिकॉप्टरचं नाव, गाव, गोत्र सांगतो.
आणि मी. माझ्याकडे वही.

वहीत प्रत्येक उतरण्याला गुण, दहापैकी.
अकरा वर्षं तीच हेलिकॉप्टरं,
तेच सात, फार तर साडेसात.
नऊ एकदाच दिले,
तेही एका घारीला.

डिसेंबरातल्या त्या दिवशी, चार वाजून दहा मिनिटांनी,
वर्सोव्याकडून एक भोपळा आला.
चांदीचा वर्ख लावलेला,
जेवण जास्त झाल्यासारखा सावकाश,
आणि पोटावर लाल अक्षरांत:
निवांत गाद्या. अंग टाका, जग विसरा.

"वारा काही विसरलेला नाही," बाई म्हणाल्या.

पोटाखाली एकच चाक.
टेकलं,
आणि टुणकन वर.
"गादी स्प्रिंगची दिसतेय," नोएल म्हणाला.
पुन्हा टेकलं, पुन्हा वर.
"दोन. दोनदा उतरल्याचं लिहील लेकाचा, भत्ता डबल."
तिसऱ्यांदा शेपूट आधी लागली, नाक आभाळात,
वाकताना कंबर धरलेल्या माणसासारखा
तसाच थांबून राहिला.
उस्मान म्हणाला, "हा उतरत नाहीये,
जमिनीची नुसती विचारपूस करतोय."
कारखानीसबाईंनी पाण्याची बाटली तोंडाशी धरली:
"निवांत गाद्या, जुहू बोलतेय.
एकदाचं ठरवा. येताय की निघताय?"

सहाव्या मजल्यावरच्या गोगटेकाकू
वाळत घातलेले पापड न्यायला आल्या होत्या.
त्या पापड विसरल्या.
जग विसरायची सुरुवात झाली म्हणायची.

मग दोर सुटले.
खाली ठेकेदाराची बारा पोरं, नारिंगी जाकिटांत,
सगळी पहिल्यांदाच दोर धरणारी.
पश्चिमेचा खारा वारा त्या पोटात भरला,
आणि दोन पोरांचे पाय
वीतभर, मग हातभर
जमिनीपासून सुटले.

नोएलच्या तोंडात पुढचा विनोद तयार होता.
तो त्याने गिळला. मला दिसला गिळताना.

कुंपणाला मोरागावचे कोळी टेकून उभे होते, तमाशा बघत.
त्यांतला एक म्हातारा आत उडी टाकून ओरडला,
"वढू नको! सोर जरा... सोर... सोर..."
पोरांनी दोर सैल सोडला.
वाऱ्याने दम घेतला.
"आता वढ!"
आणि मागून आलेल्या सात-आठ जणांनी,
रापण किनाऱ्याला आणावी तसं
ते सगळं आभाळ, जाहिरातीसकट,
हळूहळू ओढून खाली घेतलं.

दार उघडून वैमानिक उतरली. बारकीशी, हातात स्टीलचा डबा.
तिने आधी म्हाताऱ्याला हात जोडले,
मग भोपळ्याच्या पोटावर थोपटलं,
रात्रभर रडून झोपलेल्या बाळाला थोपटतात तसं.

गच्चीवर तासभर वाद झाला.
उस्मानचं म्हणणं, भोपळ्याला भोपळाच द्या.
नोएलचं म्हणणं, तीन उड्या, प्रत्येकी तीन.
बाई काही बोलेनात.
शेवटी मी लिहिलं:
वैमानिक चार. वारा साडेसात.
दोर नऊ.
घारीनंतर पहिल्यांदाच.

गोगटेकाकूंनी पापड मोजले, एक कमी.
त्याला शेवटचं पाहिलं ते उस्मानने,
पार्ल्याच्या दिशेने, उंची साधारण दोनशे फूट, स्थिर.
त्याच्या नावापुढची जागा वहीत अजून कोरी आहे.
तो उतरल्याचं
अद्याप कोणी कळवलेलं नाही.